मानाचा खांब

व्हेर्नोल गावात निवडून आलेल्या माणसाच्या दारात खांब पुरतात. रानातलं उंच पाइनचं झाड तोडून आणायचं, शेंड्याचा हिरवा तुरा तेवढा ठेवून बाकीचं सोलायचं, वर निशाणं आणि कागदाची फुलं बांधायची, खाली 'आमच्या मेयरचा मान' अशी पाटी ठोकायची आणि पंधरा-वीस जणांनी दोर ओढून ते उभं करायचं. मग ज्याचा मान असेल त्यानं सगळ्या गावाला पाजायचं. खांब एकदा उभा राहिला की त्याला कोणी हात लावत नाही. तो पाऊस-बर्फ खात उभा राहतो आणि कुजला की आपला आपण पडतो.

आन्सेल्म कुर्तिओलच्या अंगणात असे पाच खांब पुरले गेले. पहिला सत्याहत्तर साली, तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. पाचवा दोन हजार एक साली. पहिले तीन केव्हाच पडले. चौथा भिंतीला टेकून होता, दमलेल्या नटासारखा. पाचवा मात्र ताठ.

त्याची आई रेल्वेच्या फाटकावर होती. गावाच्या खालच्या अंगाला, जिथं रस्ता रूळ ओलांडतो, तिथं तिचं दोन खोल्यांचं घर. दिवसातून सहा वेळा ती फाटक लावायची आणि एका डब्याची ती तांबडी-पिवळी गाडी खडखडत जायची. आन्सेल्म वेळ ओळखायला शिकला तो त्या गाडीवर. पुढे तो ट्रॅक्टर दुरुस्त करायला लागला. लग्न लावायला मेयर म्हणून उभा राहायचा तेव्हा निळा-पांढरा-तांबडा पट्टा छातीवर आणि नखांत काळं तेल. नवरीच्या पांढऱ्या हातमोज्याला डाग पडेल म्हणून तो हात पाठीमागे धरून नवरा-नवरीला प्रश्न विचारायचा. एकशे बारा लग्नं लावली त्यानं. स्वतःचं राहून गेलं.

तो पट्टा खांद्यावर सरळ करायचं काम युगेत बेसेदचं. ती कचेरीची चिटणीस, आन्सेल्म मेयर झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी लागलेली. नोंदवहीत तिच्या हातची रेघ कधी वाकडी गेली नाही. शाळेतली जुनी लाकडी पट्टी तिच्या टेबलावर कायम असे आणि साधा शब्द खोडायचा असला तरी ती पट्टी लावून खोडायची. समारंभाला आन्सेल्म दारातून बाहेर पडायच्या आधी ती म्हणायची, "थांबा, मेयरसाहेब," आणि दोन बोटांनी पट्ट्याची चुणी काढायची. रंगमंचावर जाण्याआधी विंगेत कोणीतरी आपली टोपी नीट करतं ना, तसं. ते माणूस आपल्यामागे उभं आहे एवढ्यावर पुढचा प्रवेश पार पडतो.

युगेतचा मुलगा रेजिस जन्मापासून थोडा मागे राहिलेला. मोठा झाला, घरी सांभाळणं कठीण झालं, तेव्हा त्याला दोन तासांवरच्या शहरात अशा मुलांच्या वसतिगृहात ठेवला. ती जागा मिळवायला आन्सेल्मनं किती दारं ठोठावली होती, ते युगेतला माहीत होतं. दर रविवारी सकाळची गाडी धरून ती आणि तिचा नवरा राऊल मुलाला भेटायला जात. रेजिसला वार कळत नसत. पण रविवार कळायचा, कारण त्या दिवशी आई यायची.

अठ्ठ्याण्णव साली आन्सेल्म प्रादेशिक परिषदेवर निवडून आला. प्रदेशाच्या राजधानीतल्या त्या काचेच्या इमारतीत त्याला कधी आपलं वाटलं नाही. पहिल्याच जेवणात त्यानं गावाकडच्या सवयीनं सूपच्या तळाशी तांबडी वाइन ओतली आणि थाळी उचलून तोंडाला लावली. टेबलावरचं बोलणं थांबलं. गावात येऊन त्यानं हा किस्सा ग्रासियँच्या कॅफेत साभिनय करून दाखवला. ग्रासियँ कॅफेचा मालक आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "थाळी चाटली नाहीस ना? मग आपली अब्रू राखलीस."

दोन हजार सातच्या नोव्हेंबरात परिषदेपुढे रेल्वेचा आराखडा आला. तोट्यातल्या गाड्या बंद करून बस सुरू करायच्या, आणि त्या यादीत व्हेर्नोलची गाडी होती. आन्सेल्म त्याच्याच पक्षाच्या मंडळींविरुद्ध उभा राहून बोलणार होता. भाषण दोन पानांचं, युगेतनं टाइप केलेलं. विषय गुरुवारी निघायचा होता.

गुरुवारी सकाळभर दुसऱ्याच विषयांवर वाद चालला. दुपारी युगेतचा फोन आला. राऊल रात्री झोपेत गेला होता. शुक्रवारी अकराला दफन. या असं ती म्हणाली नाही, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. एकतीस वर्षांत गावातलं एकही प्रेत आन्सेल्मशिवाय मातीत गेलं नव्हतं. तो पट्टा घालून शवपेटीमागून चालायचा आणि सगळ्यात शेवटी स्मशानाचं फाटक लावून घरी जायचा.

तेवढ्यात जाहीर झालं की रेल्वेचा विषय उद्यावर ढकललाय. पक्षाचा नेता मार्गिकेतच त्याला आडवा आला. बहुमत एका मताचं आहे, खुर्ची रिकामी ठेवून जाऊ नका, असं म्हणत त्यानं मुखत्यारपत्र पुढे केलं. सदस्य हजर नसेल तर त्याचं मत दुसऱ्यानं द्यायचं, त्याचा छापील कागद. आन्सेल्म म्हणाला की आमची गाडी यादीतून काढा, मग सही करतो. नेत्यानं मान हलवली, बघतो म्हणाला. आन्सेल्मनं कागद भिंतीला लावून सही केली. मत कोणी द्यायचं त्याच्या नावाची जागा कोरीच होती. शेवटची बस पाच मिनिटांत सुटणार होती. गावात मान हलवली म्हणजे शब्द दिला असं धरतात. तो व्हेर्नोलच्या हिशेबानं चालला, एवढीच चूक.

शुक्रवारी पाऊस होता. त्यानं युगेतच्या डोक्यावर छत्री धरली आणि स्वतः भिजला. कोटाच्या आतल्या खिशात ती दोन पानं भिजत होती. त्याच वेळी काचेच्या इमारतीत आराखडा अख्खा, एकाच मतदानात मंजूर झाला. कुर्तिओल यांचं मत, बाजूने.

जानेवारीत स्टेशनवर नोटीस लागली. जूनमध्ये गाडी बंद, बस सोमवार ते शनिवार. रविवारी नाही. पाठोपाठ वर्तमानपत्रात बाजूनं मत देणाऱ्यांची यादी आली. कॅफेत ग्रासियँनं ते पान त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "हा कुर्तिओल दुसरा कोणी असेल ना रे?"

"मीच तो," आन्सेल्म म्हणाला.

"तू बोलणार होतास ना?"

"सही माझी आहे, ग्रासियँ."

 आणखी दोन वाक्यांत सगळा उलगडा झाला असता. ग्रासियँ वाट पाहत राहिला, मग त्यानं पान घडी करून गल्ल्याखाली सरकवलं.

विषय गुरुवारचा एवढंच ठाऊक असलेल्या युगेतनं मनाशी धरलं की यानं गुरुवारीच मत दिलं. आपण टाइप केलेलं भाषण खिशात ठेवून हात वर केला, बसमध्ये बसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातानं आपल्या नवऱ्याच्या थडग्यापाशी आपल्यावर छत्री धरली. तिनं भांडण काढलं नाही. कचेरीत पत्रं येत राहिली, शिक्के बसत राहिले. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती त्याला मेयरसाहेब सोडून "मस्यू कुर्तिओल", म्हणजे नुसतं श्रीयुत, म्हणायला लागली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

मार्चमध्ये निवडणूक आली. लहान गावात यादी एकच, गावच्या अकरा सदस्यांची, आणि मेयर त्यांच्यातूनच निवडतात, पण मतदाराला नको ते नाव पेन्सिलीनं खोडता येतं. आणि मोजणी उघड, सगळ्या गावापुढे. प्रत्येक कागद उलगडून नावं मोठ्यानं वाचायची, खोडलेलं वगळायचं. अध्यक्षाच्या खुर्चीवर खुद्द मेयर.

सहा वाजता पेटी उघडली. समारंभाच्या खोलीत माणसं भिंतीला लागून उभी होती. ग्रासियँ वाचत होता, युगेत शेजारी नोंद करत होती. यादीत आन्सेल्मचं नाव पहिलं, क्लारीस फोंबोनचं दुसरं. त्यामुळे प्रत्येक कागदाची सुरुवात एक तर "आन्सेल्म कुर्तिओल" अशी व्हायची, नाहीतर एकदम दुसऱ्या नावानं. पहिले चार-पाच कागद नीट गेले. मग ग्रासियँनं एक उलगडला, थोडा थांबला, आणि वाचलं, "क्लारीस फोंबोन." नंतर पुन्हा तसाच. पुन्हा. नटाचा प्रवेश यायची वेळ व्हावी, नाव पुकारलं जाऊ नये, आणि नाटक त्याच्यावाचून पुढे चालू राहावं, तसं ते चाललं होतं. खोडण्याचे प्रकार तरी किती. कोणी हळूच एक तिरकी रेघ मारलेली, कोणी कागद फाटेस्तोवर गिरगटलेलं.

वाचलेला कागद तपासणीसाठी मेयरपुढे येई. एका कागदावर त्याच्या नावावरून रेघ गेली होती ती अगदी सरळ, पहिल्या अक्षराच्या टोकापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, पट्टी लावून मारलेली. आन्सेल्मनं तो कागद इतर कागदांपेक्षा थोडा जास्त वेळ हातात धरला. युगेत वर न बघता नोंद करत होती. त्यानं कागद ढिगावर ठेवला आणि ग्रासियँला म्हणाला, "पुढचा."

तीनशे एक मतं, निवडून यायला एकशे एक्कावन्न हवी होती. त्याला एकशे अडतीस. बाकीचे दहाही आले. निकाल वाचायचं काम अध्यक्षाचं, म्हणून त्याचाच निकाल त्यानं उभं राहून वाचला, स्वतःचं नाव आणि आकडा कोणा तिसऱ्याचा असावा तसा, न अडखळता. कोणी टाळी वाजवली नाही. उरलेल्या एका जागेसाठी पुढच्या रविवारी तो उभा राहिला नाही.

क्लारीस फोंबोन मेयर झाली. चाळिशीची दूधवाली, मनानं चांगली. तिच्या दारात खांब उभा करायला माणसं जमली, पण दोर ओढायची लय जमेना. खांब अर्ध्यावर डुलायला लागला. रस्त्यापलीकडून पाहणारा आन्सेल्म आला, दोराच्या टोकाशी उभा राहिला आणि लय धरून ओढायला सांगू लागला. खांब उभा राहिला. पिण्याच्या वेळेपर्यंत तो निघून गेला होता.

जूनमध्ये युगेत जुनी कपाटं लावत होती. आन्सेल्मच्या नावानं परिषदेकडून आलेल्या पाकिटांचा गठ्ठा त्याच्या घरी पाठवायचा होता. एका पाकिटात मुखत्यारपत्राची प्रत निघाली. शुक्रवारच्या बैठकीसाठी, असं त्यावर लिहिलेलं. खाली त्याची सही, भिंतीला लावून केल्यासारखी थरथरती. तिनं तारीख वाचली. मग राऊलची मृत्यूची नोंद काढली, तिनंच केलेली, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बसली.

गाडी बंद होण्याआधीच्या शेवटच्या रविवारी ती सकाळच्या गाडीला आली तेव्हा आन्सेल्म फाटकाजवळच्या बंद घराच्या पायरीवर बसला होता. ती फलाटावर न जाता तिथं आली.

"मी तारीख पाहिली," ती म्हणाली.

त्याला कळलं.

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? राऊलला पोचवायला आलो म्हणून गाडी गेली, असं? ते तुम्ही जन्मभर वागवत बसला असतात."

"आता नाही का वागवणार?"

लांबून गाडीची शिट्टी आली. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आपल्या हातनं काय झालं ते ती बोलली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. पट्टी, पेन्सिल, ती सरळ रेघ, सगळं दोघांच्या मधे पायरीवर पडलं होतं.

"पुढच्या रविवारी बस नाही," ती शेवटी म्हणाली. "आठला तुमची मोटार काढाल का, मेयरसाहेब?"

त्यानं मान हलवली.

तीन हिवाळे तो तिला नेत राहिला. घाटात बर्फ असलं की चाकांना साखळ्या लावायचा, नखं पुन्हा काळी व्हायची. वसतिगृहात रेजिस दोघांना धरून त्याच्या टेबलापाशी न्यायचा. आन्सेल्मच्या कोटाची बटणं मोजायचा, दर वेळी आकडा वेगळा यायचा आणि आन्सेल्म दर वेळी बरोबर म्हणायचा. 

चौथ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, तो मोटारीखाली काम करताना गेला. शवपेटीमागून पट्टा घालून क्लारीस चालली. निघण्याआधी युगेत तिच्याजवळ गेली, थांबा म्हणाली आणि दोन बोटांनी चुणी काढली.

पाचवा खांब अजून उभा आहे. घर घेतलेल्या शहरी माणसानं तो कापायचं मनात आणलं होतं, पण ग्रासियँनं जाऊन त्याला काहीतरी सांगितलं आणि तो गप्प बसला.

युगेत आता बुधवारच्या बसनं जाते. रेजिस भेटतो, पण चुकल्या-चुकल्यासारखा असतो. तिथली माणसं सांगतात, रविवारी सकाळी तो कोट घालून खाली येतो आणि जेवणाची घंटा होईपर्यंत दाराकडे तोंड करून बसतो.