गोष्टीतलं पाणी

आमच्या गल्लीत माझ्याशिवाय देवनागरी वाचणारं कुणी नाही, या भरवशावर मी खोटं लिहिलं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या घरांत सगळे मराठी बोलतात, पण लिहा-वाचायचं झालं की तमिळ. अप्पासुद्धा. म्हणून पुण्याच्या मासिकात अप्पांच्या लढाईची आठवण छापून आली, तेव्हा मी अंक खुशाल टेबलावर टाकून ठेवला.

अप्पा फौजेत होते. सीमेवरच्या लढाईत त्यांच्या शेजारीच त्यांचा मित्र पडला, याच गल्लीतला. अप्पा इतकंच सांगत, "गोळी लागली, जागच्या जागी गेला. कळलंसुद्धा नाही त्याला." संपादकांना ते पटेना. मरण फार झटपट आलंय, जरा खरं वाटू द्या म्हणाले. घ्या मग खरं! मी मित्राला तासभर जिवंत ठेवलं. त्याला पाणी मागायला लावलं आणि अप्पांच्या हातून बाटलीतलं शेवटचं पाणी पाजलं. लिहिताना माझं मलाच रडू आलं, इतकी मी शहाणी.

दोन महिन्यांनी भर दुपारी त्या मित्राची बहीण पापनाशमहून आली. एरवी लग्नकार्यातच भेटणारी ही आत्या, न कळवता, बसनं. हातात माझ्या लेखाची झेरॉक्स. तेव्हा कुठं मला आठवलं, ही जन्मभर पोरांना हिंदी शिकवून परीक्षांना बसवत आली आहे; देवनागरी तिला घडाघडा वाचता येते.

मी पाण्याचा पेला पुढं केला. तिनं हात लावला नाही.

"अण्णा," ती अप्पांना म्हणाली, "जागच्या जागी गेला, असं तुम्हीच आईला सांगितलं होतं. तेवढ्यावर आई जगली. इथं लिहिलंय, तासभर पाणी मागत होता. यातलं खरं कुठलं?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय लिहिलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बोल ना मेले, आत्ताच सांगून टाक, असं मी मनात स्वतःला बजावत होते, आणि पेलाच तिच्याकडं आणखी सरकवत होते. अप्पांचा चेहरा असा उतरत चालला होता की त्यांना धरून आत न्यावंसं वाटलं. मला भीती वाटत होती, आणि कशाची ते कळत नव्हतं.

"तासभर नाही," अप्पा म्हणाले. "सकाळपासून दुपारपर्यंत."

आत्यानं हातातले कागद खाली ठेवले.

"पोटात लागलं होतं. पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, असं शिकवलं होतं आम्हाला. माझी बाटली भरलेली होती, बाई. वाचेल म्हणून दिलं नाही मी."

"आत्या, ते मी मनानं लिहिलं," आता माझ्या तोंडून निघालं. काय उपयोग!

"कळलं ग," ती म्हणाली. तिनं कागदांची नीट घडी घालून पिशवीत ठेवली. "यात त्याला पाणी मिळालंय. हे मी ठेवते."

ती गेली. पेला तसाच भरलेला होता.

संध्याकाळी अप्पांनी अंक मागून घेतला. पानं उलटत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मी पाणी देतो ती ओळ कुठली? बोट ठेव."

मी ठेवलं. त्यांनी माझं बोट हळूच बाजूला केलं आणि तिथं स्वतःचं ठेवलं.

"आता वाच," म्हणाले.