सुपात उभी राहिलेली बाहुली

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. माझे वडील तळेगावला विज्ञानाचे मास्तर होते. गावात कुणाच्या अंगात आलं की आम्हा बहिणींना बघायला घेऊन जायचे आणि परत येताना वाटेत विचारायचे, "आता सांगा, हे कसं होत असेल?" अशा घरातली मी. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही... मीही हसले असते. पण मी एकटीनं नाही, आम्ही तिघींनी पाहिलंय ते — आणि भर दुपारी, लख्ख उन्हात!

गोष्ट आर्वीची, ऐंशी सालानंतरची. मी चिनीमातीच्या बाहुल्या करते. साध्या नाहीत, सांध्यांच्या. नागपूरला चित्रकला शिकत असताना आमच्या एका बाईंकडून ही विद्या घेतली आणि लग्न होऊन आर्वीत आले ती प्लॅस्टरचे साचे घेऊनच आले. सासरी कापडाचं दुकान. 'सून माती कालवते' म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे! पण मागच्या अंगणात रॉकेलच्या बर्नरवर चालणारी छोटी भट्टी मला बांधू दिली, ती माझ्या सासूबाईंनीच. कारण काय, तर बाहुल्यांना लुगडी शिवायची त्यांना भारी हौस. दुकानातल्या चिंध्यांमधून काठ शोधून इतकं सुबक नेसवायच्या की बघत राहावं.

या बाहुल्या कशा असतात ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. डोकं, छाती, पोट, दंड, हात, मांड्या, पोटऱ्या — सगळं वेगवेगळं साच्यातून काढायचं, घासायचं, भाजायचं. प्रत्येक तुकडा आतून पोकळ. एका टोकाला सुपारीसारखा गोळा, समोरच्या तुकड्याला त्याच्या मापाची वाटी. मग आतून डोक्यापासून पायापर्यंत इलॅस्टिक ओवून ताणून आकड्यात अडकवायचं. त्या ताणावर बाहुली उभी राहते, बसते, हात जोडते. इलॅस्टिक तुटलं की... संपलं! सगळी बाई खळ्ळकन जमिनीवर. म्हणजे बाहुलीचा जीव त्या इलॅस्टिकमध्ये, असं समजा.

त्या वर्षी नागपूरच्या एका प्रदर्शनासाठी मी एक मोठी बाहुली करत होते. कापूस वेचणारी बाई. कमरेत वाकणारी, एक हात बोंडाकडे, दुसरा कमरेच्या ओटीशी. कमरेचा सांधा मला काही केल्या जमत नव्हता. दोन कमरा भट्टीत तडकल्या. तिसरी निघाली ती अशी देखणी, गुळगुळीत, की मी भट्टीपाशीच टाळ्या पिटल्या! जाऊ म्हणाली, "ताई, पोरगी झाल्यावानी करून राह्यल्या तुम्ही."

जाऊ म्हणजे शोभा, माझ्या दिराची बायको. तिला तेव्हा तान्ही मुलगी होती. आमच्या मागच्या खोलीत त्या बाळाचा पाळणा टांगलेला असायचा, आणि तिथंच सासूबाई नि शोभा दुपारी बाहुल्यांचे कपडे शिवत बसायच्या. खोली थंड, शांत. तिची एक भिंत शेजारच्या गोडाऊनला लागून होती. कापसाचा सीझन चालू असला की तिकडे सरकीची पोती आढ्यापर्यंत रचलेली असायची. सगळी आर्वीच त्या दिवसांत कापसानं भरलेली असते, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे.

थंडीचे दिवस होते. त्या दुपारी जेवणं झाली होती. वेचणारीचे सगळे तुकडे मी शेवटचे घासून, धुऊन अंगणात सुपात वाळत घातले. मला सवय आहे, तुकडे मांडायचे ते माणसासारखे. डोकं वर, उजवा हात उजवीकडे, डावा डावीकडे. डोळे बसवायचे होते, केस लावायचे होते. इलॅस्टिक अजून कापलंही नव्हतं, त्याची गुंडाळी घरात कपाटात. अंगणाच्या दाराला आतून कडी. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं आणि तुकडे पालथे करायला म्हणून बाहेर आले.

सुपात ती उभी होती.

उभी! दोन्ही पायांवर, कमरेत किंचित वाकलेली, एक हात पुढे, मान वर उचललेली. डोक्यावर केस नाहीत, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. मी क्षणभर खुश झाले, खरं सांगते. काय सुंदर उभी आहे, कमर काय झोकात वळलीय, हेच आधी मनात आलं. मग डोक्यात लखकन प्रकाश पडला — अगं, हिला इलॅस्टिक कुठंय?

मी खाली बसले. अगदी नाक लावून पाहिलं. खांद्याच्या सांध्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. मानेच्या फटीतूनही. आत दोरा नाही, तार नाही, काही नाही. पोकळ! गोळा वाटीत नुसता टेकलेला, आणि पुढे केलेला तो हात हवेत तसाच. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, पण भीतीचा नाही हो... लहानपणी जत्रेत आकाशपाळणा वर जाताना यायचा ना, तसा. हात लावायची हिंमत होईना. ही पडायच्या आत सगळ्यांना दाखवायची, एवढंच सुचलं.

"शोभा! आई! बाहेर या, लवकर या!" मी अशी ओरडले की आतलं बाळ दचकून रडायला लागलं. शोभा त्याला उचलून घेऊन, थोपटत दारात आली. "काय झालं ताई? साप निंघाला का?"

"नाही गं, ये तू! आई कुठंयत?"

आतून सासूबाईंचा आवाज, "काऊन बोंबलून राह्यली वं? मी आता बसली, माह्ये गुडघे दुखून राह्यले. इकडंच घेऊन ये काय असन ते."

घेऊन कशी येणार? मी धावत आत गेले, त्यांच्या हातातली सुई काढून घेतली आणि त्यांचा दंड धरून त्यांना अक्षरशः ओढलं. आयुष्यात कधी सासूला असा हात लावला नव्हता! त्या रागावल्या, "सोड वं, येतो मी, येतो! याड लागलं का तुले?" पण मी सोडलंच नाही. ओट्यावरून उतरवून थेट सुपापाशी नेलं.

शोभा आधीच तिथं थिजून उभी होती. "माय वं..." एवढंच म्हणाली. सासूबाई वाकल्या, पदरानं डोळे पुसले, पुन्हा वाकल्या. "इले दोरी नाई लावली तू?"

"नाही ना आई! तेच तर..."

आणि मागे धडाम्‌कन आवाज झाला. पायाखालची जमीन हलली. मी वळून पाहिलं तर मागच्या खोलीच्या दारातून धुळीचा लोट बाहेर येत होता. गोडाऊनकडची ती भिंत पोत्यांच्या भारानं सगळीच्या सगळी आमच्या खोलीत कोसळली होती. पाळण्याची कडी तेवढी वर लोंबत होती, पाळणा विटांखाली. सासूबाई बसल्या होत्या त्या जागी सरकीच्या पोत्यांचा ढीग.

शोभा बाळाला छातीशी आवळून खाली बसली. सासूबाई माझा हात धरून उभ्या होत्या. गल्लीतून लोक धावत आले, दार ठोकायला लागले. कडी काढायला म्हणून मी निघाले, तेव्हा माझं लक्ष सुपाकडे गेलं.

तुकडे आडवे पडलेले होते. तुम्ही म्हणाल, हादऱ्यानं पडली. मीही तेच म्हटलं असतं. पण डोकं वर, उजवा हात उजवीकडे, डावा डावीकडे... मी मांडले होते तसेच. एकाचाही टवका उडालेला नव्हता.

संध्याकाळी आमच्या ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, "भिंत आधीपासून कुरकुरत असेल, तुझ्या कानांनी ते ऐकलं असेल. बाहुलीचा तोल कसातरी साधला असेल." सासूबाईंनी पाणी प्यायला घेतलेला पेला खाली ठेवला. "तोल साधला असन न बापा. पन साधला कोनं?" वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी पानभर आकृत्या काढल्या, गुरुत्वमध्य काढला, पुढे केलेला हात का पडायला हवा ते मला समजावून सांगितलं... आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "सुमन, मला नाही माहीत." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं!

ती बाहुली मी इलॅस्टिक ओवून पूर्ण केली. सासूबाईंनी तिला हिरवं लुगडं नेसवलं आणि नागपूरला पाठवू दिलं नाही. "तिचं काम झालं इथं," एवढंच म्हणाल्या.

आता माझे केस पांढरे झाले, शोभाची ती तान्ही स्वतः दोन मुलांची आई आहे. पण एक गोष्ट मी आजही करते. नवी बाहुली भाजून निघाली की इलॅस्टिक ओवण्याआधी तिचे तुकडे एकावर एक रचते, कंबर वाकवते, एक हात पुढे करते. शोभा शेजारी येऊन उभी राहते. आम्ही दोघी श्वास रोखतो आणि मी हळूच बोटं काढून घेते.

दर वेळी खळ्ळकन खाली येते. दर वेळी शोभा म्हणते, "अजून एक डाव, ताई."