कैरी सोलायचा शिंपला

स्वयंपाकघरातला खण आवरताना पाठीला भोक पाडलेला, कैरी सोलायचा शिंपला सापडला आणि मी थेट लहानपणच्या पंचगंगेत जाऊन उभी राहिले.

शेजारच्या जैबूनचाची गुडघाभर पाण्यात पायाच्या बोटांनी वाळू चाचपून शिंपले काढायच्या. मीही तसंच करायला गेले, तर मासे पायाला लुचू लागले. मी किंचाळले. चाची खदाखदा हसल्या, "गुदगुल्या करत्यात गं! पळतीस कशाला? थांब की!" थांबले, आणि हसता हसता पाण्यात बसलेच. तेव्हा हाताला लागला तो हा शिंपला. चाचींनीच घाटाच्या दगडावर घासून दिलेला.

आता तिथं शहराचा नाला मिळतो. वाळूवर काळा गाळ बसलाय.

"आजी, मलापण असला एक आण की!" नात म्हणाली.

तिला कैरी सोलून देताना टेबलाखाली माझ्या पायाची बोटं फरशी चाचपत होती.