जज्जसाहेबांचा चावा

उचूपाम्पा गावात माणूस खरा की खोटा हे ठरवायला ना पोलीस लागत, ना पाद्री. दोमितिला याउरीच्या स्वयंपाकघरात जायचं, तिच्या तांबड्या कुईला दोन्ही हातांनी उचलायचं आणि गप उभं राहायचं. चावला नाही तर माणूस बावनकशी. चावला तर खोटारडा, चल नीघ.

कुई म्हणजे शहरातले लोक ज्याला गिनीपिग म्हणून पिंजऱ्यात ठेवतात तोच. आमच्याकडे चुलीच्या उबेला चाळीस-चाळीस लोळत असतात. मुळात प्राणी महाभित्रा. ससाण्याची सावली पडली तरी जागच्या जागी दगड होतो. फार झालं तर दात कुटकुटवतो, म्हणजे बाबा रे, पुरे आता. चावणं त्याच्या स्वभावातच नाही. म्हणूनच तो चावला की गाव म्हणे, बघा, याच्या काळजातली घाण त्याला कळली.

तांबड्याला सगळे जज्जसाहेब म्हणत. त्याआधी त्याचा बाप, आजा, पणजा याच खुर्चीवर होते. निवृत्त झाले की उकडलेल्या बटाट्यांबरोबर ताटात येत. त्यात अपमान काही नव्हता, पेन्शन कुणाला चुकली आहे?

ही विद्या दोमितिलाला आईकडून आली. आईचा एकच नियम. कुईंना लसूणघास घालून झाला की आधी राखेनं हात खसाखसा धुवायचे, मगच जज्जसाहेबांना हात लावायचा. "मळक्या हातात न्याय टिकत नाही," असं म्हातारी म्हणे. का, कशासाठी, हे दोमितिलानं कधी विचारलं नाही. विचारणाऱ्याला म्हातारी पळी फेकून मारत असे आणि तिचा नेम चांगला होता.

दोमितिला उपवर झाली तेव्हा दोन स्थळं चालून आली. पहिला इलारियोन कोचाचीन. पहाटे उठून स्वतःच्या शेतातला लसूणघास कापला, भारा खांद्यावर घेतला आणि आला. म्हणाला, "चाळीस तोंडांच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं?" त्या वेळच्या जज्जसाहेबांना त्यानं उचललं मात्र, बोटातून रक्त! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन दिवसांनी बेनिग्नो आला. वासाच्या साबणानं हात धुतलेले, काखेत उसाच्या दारूची बाटली. जज्जसाहेब त्याच्या तळव्यावर अंगाचं मुटकुळं करून चक्क झोपले. म्हातारीनं लेक बेनिग्नोला दिली.

चार वर्षांनी बेनिग्नो मीठ आणायला समुद्राकडे गेला. अजून आणतोय! म्हणजे आणत होता. परवापरवा तो तिकडे वारल्याची चिठ्ठी आली, खाली दुसऱ्या बायकोची सही. तो परतला नाही तेव्हाच म्हातारीचा खुलासा तयार होता. "जज्जनं सोडला तेव्हा चांगलाच होता गं. नंतर नासला." दूध नासतं तसा नवरा नासला, संपलं. पुढे म्हातारी गेली आणि निवाड्याचं काम दोमितिलाकडे आलं. गावातली निम्मी लग्नं तिच्या चुलीपुढं ठरली, कितीतरी मोडलीही.

आणि या मे महिन्यात, एकतीस वर्षांनी, विधुर झालेला इलारियोन पुन्हा मागणी घालायला आला. केस पांढरे, खांद्यावर भारा तोच. दोमितिलाला तो तेव्हाही आवडला होता. पण शेजारीण फोर्तुनाता दारात उभी. ती दोमितिलाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. ती येते तिथं गाव मागोमाग येतं.

"जज्जसाहेबांना आणा!" गाव म्हणालं.

इलारियोननं भारा उतरवला, तांबड्याला उचललं. कचकन चावा!

"एकतीस वर्षं झाली, हा माणूस अजून खोटंच बोलतोय बघ, कोमाद्रे!" फोर्तुनाता ओरडली.

"अहो, मी बोललोच कुठं अजून?" इलारियोन बोट चोखत म्हणाला. "तोंड उघडायच्या आधीच चावतोय हा."

लोक हसले. दोमितिलाला हसू येईना. "फेरतपासणी असते," ती घाईनं म्हणाली. "रविवारी या." असा नियम आजवर नव्हता. पण रविवारी तांबडा पुन्हा चावला तर इलारियोन कायमचा गेला, आणि जज्ज चुकतो म्हणावं तर गावातला प्रत्येक मोडलेला साखरपुडा तिच्या दाराशी जाब विचारायला उभा राहणार. आगीतून फुफाट्यात! तिला चार रात्री धड झोप नाही.

गुरुवारी सकाळी त्याच विचारात तिनं कुईंना घास टाकला आणि तशीच तांबड्याला उचलून विचारू लागली, "सांग मेल्या, काय खोटं आहे त्याच्यात?"

तांबडा तिला चावला.

आयुष्यात पहिल्यांदा! दोमितिला खाली बसली. मी खोटी? मी? मग डोळे पुसायला हात वर नेला आणि नाकात वास शिरला. ताजा लसूणघास. ती उठली, राखेनं हात धुतले, तांबड्याला घेतलं. तो घुरघुर करत पसरला. पुन्हा हाताला घास चोळला, बोट पुढं केलं, दात आले. धुतलं, झोपला. तीनदा केलं. मेला न्याय कुठला करतोय, त्याला बोट म्हणजे काडीच वाटतेय!

"आई गं," ती चुलीकडे बघून म्हणाली, "अख्ख्या गावात एकच माणूस माझ्या घरच्या मुक्या तोंडांसाठी काही घेऊन आला, आणि नेमकं त्यालाच खोटारडा ठरवलंस तू." तिला इतका राग आला की पळी तिनंच भिंतीवर फेकली. मग पोटभर रडली.

हात धुऊन या, असा निरोप धाडायला ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. धुतलेल्या हातांचा एक नवरा तिनं पाहिला होता.

रविवारी गाव लोटलं. इलारियोन भाऱ्यासकट हजर. चावा झाला. फोर्तुनातानं "अरेरे" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दोमितिलानं दोन्ही हात त्याच्या भाऱ्यात खुपसले, घास कुस्करला आणि तांबड्याला स्वतः उचललं. कचकन!  तिनं रक्ताळलेलं बोट सगळ्यांना दाखवलं.

"निकाल ऐका. हा खोटारडा आणि मीही खोटारडी. दोघांना एकाच घरात कोंडलेलं बरं, मोकळं सोडलं तर गाव बिघडेल."

 मग फोर्तुनाताच मान डोलावत म्हणाली, "जज्जसाहेब चुकत नाहीत हो." आणि सगळे अंगणात चिचा, म्हणजे मक्याची दारू, प्यायला पळाले.

आत दोघंच उरली. दोमितिलानं हळूच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझ्याकडे साठ आहेत," इलारियोन म्हणाला. "रोज चावतात."

"अहो, मग तेव्हाच हात धुऊन यायचं होतंत!"

"आलो होतो की. दुसरा चावा नको म्हणून तीन दिवस घासाला शिवलो नाही. आलो तर तुमच्या दारावर बेनिग्नोची टोपी टांगलेली, म्हणजे लग्न ठरलेलं. या वेळी म्हटलं, चावू दे, पण रिकाम्या हातानं यायचं नाही."

 दोमितिलानं राखेचं मडकं पुढं ओढलं, आधी त्याचा हात धुतला, मग आपला.