नडगीवरचा बिब्बा

नडगी दुखते म्हटलं की आमच्यातल्या पोरी हसायच्या. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांत नडगी कुणाची दुखत नाही? विष्णुपुरीच्या डांबरी रस्त्यावर तळ झिजलेल्या बुटांत पळायचं, आणि दुखलं तर अजून पळायचं. 'दुखणं पळूनच जिरतं,' हा आमचा मंत्र. डोंबलाचा मंत्र!

माझ्या खोलीतली मैत्रीण किल्लारीकडची. वय उलटत आलेलं, तिची ही शेवटची भरती. हुकली तर घरचे लग्न उरकणार, हे ठरलेलं. आधी तिची सगळी नडगी ठणकायची, पळून अंग गरम झालं की ठणका थांबायचा. मग दुखणं एका जागी गोळा झालं, रुपयाएवढ्या. बसल्या जागीसुद्धा ठणकायला लागलं. तिनं गावाकडून बिब्बा मागवला, त्यात तापलेली सुई खुपसली आणि निघालेलं तेल त्या जागेवर टेकवलं. कातडी भाजून टपोरा फोड आला.

"बघ, आतलं दुखायचं गेलं," ती म्हणाली.

गेलं कुठलं? वरच्या आगीपुढं आतलं कळेना झालं, एवढंच. मी कडाकडा भांडले आणि तिला ओढत डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोडाशेजारी एक बोट दाबलं, तशी ती किंचाळली. ते म्हणाले, "नडगीभर दुखत होतं तेव्हाच आराम करायचा होता. आता हाडाला चीर पडलीय. पळणं बंद. नाहीतर मोडेल."

बाहेर येऊन तिनं पँट फोडावर ओढून घेतली. मग म्हणाली, "भरती झाली की झोपून राहते की वर्षभर. घरी सांगू नको, तुला माझी शपथ." असा संताप आला! पण तिच्या जागी मीही तेच म्हणाले असते.

भरतीच्या दिवशी लातूरच्या मैदानावर तिची तुकडी माझ्याआधी होती. शेवटच्या वळणाला ती सगळ्यांच्या पुढं होती आणि तिथंच कोसळली. पाय नडगीत वाकला होता. मी रांग सोडून धावले. स्ट्रेचरवरून तिनं मला ढकललं. "माझ्याकडं काय बघून राहिलीस? तुझी शिट्टी होईल. पळ!"

मी पळाले. रडत पळाले, आणि पास झाले.

तिच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी ट्रेनिंगला होते. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही.