गाडीले काई नाई झालं

आमच्या भाऊजींनी आयुष्यात कोणाचंही ऐकलेलं नाही, आणि त्यांचं ऐकणारी या भंडारा जिल्ह्यात एकच वस्तू आहे, ती म्हणजे त्यांची डिझेल गाडी. तीही मनात आलं तर ऐकते. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला शहापूरला, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी झाली. पाण्याला 'इकडून नाही, तिकडून जा' असं सांगण्यात उमर गेली, आणि पाणी बिचारं निमूट जायचं, म्हणून माणसांनीही तसंच जावं असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. मी भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात नर्स होते. एकाहून एक तापट डॉक्टर पाहिले, पण भाऊजींपुढे ते सगळे गरीब गाय. मला ते माझ्या नावानं कधीच हाक मारत नाहीत, 'सिस्टर' म्हणतात, आणि अशा सुरात म्हणतात की जणू सगळ्या वैद्यकशास्त्राची लबाडी मीच सुरू केली.

गाडी घेतली ती गोंदिया वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी. दुसऱ्यानं वापरून टाकलेली, पांढरी, पण आमच्या वस्तीतली पहिली चारचाकी. बुद्धविहारासमोर उभी केली, फुलं वाहिली, पेढे वाटले. एक शेजारी बोलून गेला, "आपला जिल्हा अर्धा झाला न साहेबानं गाडी घेतली!" भाऊजी म्हणाले, "जिल्ह्याचे तुकडे सरकारनं केले. माह्या गाडीचे कोणी करून दाखवा म्हणा." ते पुढे त्यांनी स्वतःच केले. दर रविवारी, अंगणात, ताईच्या वाळवणाच्या चटईवर. एका बाजूला लाखोळीची डाळ वाळते आहे, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे नोझल. ताईनं डाळ शिजवली की भाऊजी पहिल्या घासाला हमखास म्हणायचे, "डाळीले डिझेलचा वास येऊन राहिला." आणि ताई म्हणायची, "डिझेललेही डाळीचा येत असंन. हुंगून पाहा."

गाडी मिस्त्रीकडे नेणं हा त्यांच्या लेखी शुद्ध भित्रेपणा. "आपल्या घरच्या माणसाले दुसऱ्याच्या दारात कायले नेऊन उभं कराचं?" असं ते विचारत. त्यांची तपासणी कालव्याच्या पद्धतीची. कालव्याच्या शेवटच्या शेतात पाणी पोहोचलं नाही, तर वरती कुठंतरी कचरा अडकलेला असतो, हे त्यांनी नोकरीत शिकलेलं एकमेव सत्य, आणि ते त्यांनी सगळ्या दुनियेला लावलं. गाडीनं काळा धूर सोडला, कचरा. पांढरा सोडला, जुना कचरा. पोरगा प्रशांत उशिरा उठतो, डोक्यात कचरा. माझी बढती रखडली तेव्हाही म्हणाले, "वरती कचरा अडकला असंन, सिस्टर." ते मात्र शंभर टक्के खरं निघालं.

एकदा मी सुट्टीत त्यांच्याकडे गेले असताना माझा स्टेथोस्कोप गायब झाला. शोधत अंगणात आले तर भाऊजी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले, कानात माझ्या नळ्या, आणि इंजिनाच्या छातीवर डबी ठेवून डोळे मिटलेले. मी ओरडले, तर हात वर करून मलाच गप्प केलं. "दमा हाय तिले. पण मरत नाई." पुढे महिनाभर वॉर्डातल्या बाया मी छाती तपासली की नाक मुरडायच्या, आणि एक म्हातारी तर म्हणाली, बाई, तुम्ही ट्रॅक्टरवर येता काय? आता यावर काय सांगावं!

पण ही गंमत संपली त्या वर्षी, ज्या वर्षी गाडीला ते चमत्कारिक दुखणं जडलं. अंगणात एका हाकेत चालू व्हायची. गुरगुर अशी की मन प्रसन्न व्हावं. शहापूर सोडायची, नागपूरच्या रस्त्यानं छान पळायची, आणि मौद्याच्या अलीकडे एक बाभळीचं झाड आहे, तिथं आली की खोकायची, आचके द्यायची आणि बंद. मग तिथं एक विधी होई. भाऊजी खाली उतरत. पहिला संशय चोरीचा. "ढाब्यावर कोणतरी डिझेल काढलं," असं म्हणत टाकीचं झाकण उघडत. फुस्स असा आवाज येई. "पाह्य, गॅस झाला होता तिले," असं म्हणून ते तुरीची काडी आत बुडवत, ओली काडी पाहत, झाकण घट्ट लावत. मग बॉनेट उघडून चौदा नंबरच्या पान्यानं पंपाला ठोकत आणि काहीतरी खाजगीत बोलत. तोवर ताईनं बाभळीखाली चादर टाकून डबा उघडलेला असे. पोळी आणि वांग्याची भाजी खाऊन होई, भाऊजी चावी फिरवत, आणि गाडी चालू! श्रेय सगळं पान्याला. तो पाना ते पुढे शर्टाच्या खिशात घालून लग्नालासुद्धा जाऊ लागले.

हळूहळू बंद पडणं वाढलं. भाऊजींनी फिल्टर बदलला, इंजिनातले हीटर काढून घातले, नोझल धुतले, डिझेलचा रबरी पाईप तोंडानं ओढून पाहिला आणि दोन दिवस जेवले नाहीत. कचरा सापडेना. अशात दसऱ्याच्या आठवडाभर आधी प्रशांत पुण्याहून आला. पोरगा मुळात गुणी, पण आईबापाच्या भल्याचा निर्णय परस्पर घेऊन मोकळा होणाऱ्यातला. भंगारवाल्याशी बोलूनच आला होता. "बाबा, पंधरा वर्षांच्या वर झाली ती गाडी. आईला घेऊन रस्त्यात अडकले म्हणजे? दसऱ्याला मी टॅक्सी करून देतो."

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. आमचे बाबा छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेले ते पायदळ. वाटेत पाय सुजले म्हणून एका बैलगाडीवाल्याला बसू दे म्हणाले. त्यानं आधी जात विचारली आणि मग बैल हाकलले. बाबा ही गोष्ट हसत सांगायचे, पण ताई कधी हसली नाही. गाडी आली त्या दसऱ्यापासून दीक्षाभूमीला ती दरवर्षी स्वतःच्या गाडीनं जायची, पांढरं लुगडं नेसून, मागच्या सीटवर डावीकडे. तेव्हा टॅक्सीचं नाव निघताच ती स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "मी कोणाच्या गाडीत 'बसू देता काय' म्हणून जाणार नाई. पैसे देऊनही नाई. आपली चालली त जाईन, नाई त माह्या बापासारखी पायदळ जाईन." तिच्या गुडघ्यांची अवस्था मला ठाऊक होती. अंगणातल्या नळापर्यंत जाताना ती दोनदा भिंत धरायची.

भाऊजी पाना घेऊन उभे राहिले. "आयक रे पोरा. दसऱ्याले ही गाडी तुह्या मायले दीक्षाभूमीले नेईन, मंधात एकदाही न थांबता. थांबली त भंगारवाल्याले मीच फोन करतो. पण लिहून ठेव, गाडीले काई नाई झालं." प्रशांत म्हणाला, "ठीक." मी दारात उभी राहून ऐकत होते. गाडी थांबणार हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, भाऊजींनासुद्धा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि ताईला घेऊन चाचणी काढली. बाभूळ आली आणि गाडीनं आचके दिले. भाऊजी उतरले, मागे गेले, झाकण उघडलं. फुस्स! इतक्या वेळा ऐकलेला तो आवाज, पण त्या दिवशी रस्ता शांत होता आणि मी टाकीच्या अगदी जवळ उभी होते. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या जुन्या काचेच्या सलाईनच्या बाटल्या आल्या. बाटलीत वरून हवेची सुई टोचली नाही, तर थेंब पडता पडता थांबतात. पेशंटला काही झालेलं नसतं, नळीलाही नाही. बाटलीला श्वास घ्यायला जागा नसते, एवढंच.

"भाऊजी, ते झाकण दाखवा." झाकणाला प्लास्टिकची दुहेरी पिशवी गुंडाळलेली, लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधावं तशी, आणि वरून लुगड्याच्या काठाची पट्टी करकचून बांधलेली. झाकणाचं हवेचं भोक तिच्याखाली ठार बुजलेलं. "हे कोणी बांधलं?"

"म्या," ताई म्हणाली. "मांगच्या उन्हाळ्यात. त्या डिझेलच्या वासानं मले उमटून येते न, ओकाऱ्या होतात."

भाऊजींनी ती पिशवी शंभरदा पाहिली होती. पण घरात ताईनं बांधलेली गाठ तपासून पाहण्याची त्यांची रीत नव्हती. सगळ्या इंजिनावर संशय घेतला, ढाबेवाल्यांवर घेतला, हिच्यावर नाही. ते लाल झाले. "मंग सांगाचं नाई? म्या आखी गाडी खोलली!"

"तुमी मले इचारलं काय? तुमी त गाडीलेच इचारत होते."

मी पिशवी सोडायला हात घातला, तर भाऊजींनी झाकण हिसकावून घेतलं. "सोडाची नाई! उमटून येते म्हणते न ते." मग काय करता, म्हणून मी पर्समध्ये हात घातला. आम्हा नर्सच्या पर्समध्ये काय निघेल सांगता येत नाही. एक जाड सुई निघाली, सीलबंद. भोकावरच्या प्लास्टिकला ती टोचली. भाऊजींनी झाकण लावलं, पंपाला पाना मारलाच, आणि म्हणाले, "कचराच होता. म्या सांगतलं होतं."

दुसऱ्या दिवशी प्रशांत पुढच्या सीटवर टॅक्सीवाल्याचा नंबर काढून बसला होता. बाभूळ आली. बाभूळ गेली! भाऊजींनी हॉर्न असा वाजवला की समोरचा ट्रक घाबरून बाजूला झाला. मी टाळ्या पिटल्या. प्रशांतनं मुकाट्यानं मोबाईल खिशात घातला. आणि मागून ताई चिडून म्हणाली, "बसाची जागा गेली न! आता पोळ्या कुठं खावाच्या?" तिच्या मांडीवर डबा तसाच होता. दीक्षाभूमीला ती दार उघडून स्वतः उतरली, लुगडं सारखं केलं आणि गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली.

ताईला जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या दसऱ्याच्या आधी भाऊजींचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. "येतानी सुई आणजो, सिस्टर. भोक बुजलं." मी म्हटलं, भाऊजी, आता ती पिशवी काढूनच टाका की, आता वास कोणाला येतो? भाऊजी म्हणाले, "तुले सुई आणाले सांगतली." मी नेली. पिशवी पिवळी पडून कडक झाली होती, पण गाठ ताईचीच. सांभाळून टोचली.

आम्ही दोघंच निघालो. मी सवयीनं मागे उजवीकडे बसले, डावीकडची जागा मोकळी. गाडी सुरेख चालली होती. मौद्याच्या अलीकडे रस्ता रुंद झाला, कितीतरी झाडं गेली, ती बाभूळ कशी कोण जाणे राहिली आहे. तिथं येताच गाडी हळू झाली आणि कडेला उभी राहिली. "काय झालं, भाऊजी? पुन्हा बंद पडली?"

त्यांनी चावी काढली, खिशातला पाना चाचपला, पण बॉनेटकडे गेले नाहीत. डिकीतून चादर काढली आणि एक डबा, त्यांनी स्वतः पहाटे उठून भरलेला. पोळ्या जाड होत्या, वाकड्या होत्या.

"गाडीले काई नाई झालं," ते म्हणाले. "म्या थांबवली."