आमची टेकडी गेलेली धरली

मेजरसाहेबांनी छडीच्या टोकानं झेंडा उचलला आणि मातीत आडवा टाकला.

शाळेच्या पटांगणात ओल्या मातीचा नकाशा केला होता. आमचं गाव, नदी, पूल, उसाचे फड आणि पुलाच्या अलीकडची टेकडी. माती मीच डोक्यावरून आणली होती. अकरा पाट्या. टेकडीवरचा निळा कागदी झेंडाही मीच खळ लावून काडीला चिकटवला होता.

"इथं कोण बसणार म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"रामोशी वस्तीतली माणसं, साहेब. स्थानिक तुकडी," आमचे एनसीसीचे सर म्हणाले.

"रामोशी? मग ही टेकडी गेलेलीच धरा. पुढचं बोला."

सगळे हसले. माझ्याबरोबर कोल्हापुरात शिकणारी एनसीसीची पोरं हसली. सरही थोडे हसले. मी माती भिजवायचा डबा हातात धरून उभा होतो. मीही हसलो. ते हसणं अजून माझ्या तोंडावरून पुसलं गेलेलं नाही.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. तिकडं खरी लढाई चालू होती. आमचं गाव कोडोलीच्या पुढं, सीमेपासून शेकडो कोस लांब. तरी शत्रूचे सैनिक छत्र्या बांधून कुठंही उतरतील अशी बातमी होती. म्हणून पूल कसा राखायचा याचा सराव ठरला. मेजरसाहेब आमच्याच गावच्या इनामदार घराण्यातले, फौजेतून निवृत्त झालेले. कोल्हापुरात मी ज्या बोर्डिंगात राहत होतो त्याच्या कमिटीवरही तेच. आमच्या वस्तीत मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. बोर्डिंगातली जागा होती म्हणून कॉलेज होतं.

झेंडा पाडल्यावर साहेबांनी पोरांना समजावून सांगितलं. "स्थानिक माणसाच्या जिवावर मुलूख राखता येत नाही. त्याची बायकापोरं पाठीमागंच असतात. पहिला बार झाला की तो घराकडं बघतो. आणि या लोकांचं तर विचारूच नका. किल्ल्यांचे दरवाजे आतूनच उघडलेत."

त्यातलं पहिलं मला सगळं खोटं वाटलं नाही. खरंच बार झाला तर मी आईकडं पळालो नसतो असं छातीवर हात ठेवून कसं सांगू? पण साहेबांच्या घराची राखण माझा बा करत होता. बाच्या आधी आजा करत होता. त्याच आज्याला तरुणपणी रोज चावडीवर हजेरी द्यावी लागायची. गावात चोरी झाली की पहिली काठी त्याच्याच पाठीत. दाराबाहेर बसवायला आम्ही चालत होतो. भरवसा ठेवायला चालत नव्हतो. हे मला त्या पटांगणात पहिल्यांदा दिसलं.

मी सरांना एवढंच विचारलं, "सर, मग आम्ही बसायचं का?"

"बसा की. सरावाला माणसं दिसली पाहिजेत. तू त्यांचा म्होरक्या. शिट्टी होईपर्यंत जागा सोडायची नाही."

घरी जाऊन मी झेंड्याचं सांगितलं नाही. टेकडी राखायची हाय, एवढंच सांगितलं. वस्तीतले चौदा जण लगेच तयार झाले. तात्या, बाचा थोरला भाऊ, साठीच्या पुढचा. त्याचा पोरगा सदा तेव्हा फौजेत होता, कुठंतरी खऱ्या हद्दीवर. महिनाभर पत्र नव्हतं. तात्यानं जत्रेतला पटका काढून बांधला.

"तात्या, लगीन हाय व्हय कुनाचं?" कुणीतरी म्हणालं.

"गप रं. देशाचं काम हाय. उघड्या डोस्क्यानं करतूस व्हय?"

दिवस उजाडताच आम्ही वर चढलो. हल्ला करणाऱ्या पोरांकडं रायफली होत्या, गोळ्यांशिवायच्या. आमच्याकडं काठ्या. वर खरा झेंडा रोवला होता. पोरांनी येऊन त्याला हात लावला की टेकडी पडली. तोवर आम्ही अडवायचं. बानं दगडाआड माणसं अशी बसवली की खालून एक डोकं दिसेना. मला वाटलं, आज दाखवू.

न्याहारीची वेळ झाली. कुणी आलं नाही. उन्हं चढली. पोरांची रांग उसाच्या कडेनं पुलाकडं निघालेली दिसली. आमच्याकडं कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

"पाकिस्तान वाट चुकलं वाटतं," तात्या म्हणाला. सगळे हसले. दुपारपर्यंत तोच विनोद तीनदा झाला. चौथ्यांदा कुणी केला नाही.

पाणी संपलं. तात्याची जीभ कोरडी पडली होती. खाली विहीर होती. माणसाला पाठवायला नको, म्होरक्या मीच, म्हणून कळशी घेऊन मीच उतरलो. तेव्हा खालच्या वाटेनं सरावाचे पंच सायकलीवरून जाताना दिसले. मी ताठ उभा राहून सलाम केला. कळशी भरून परत वर आलो. चौदाही जण जागेवर होते.

ऊन कललं तेव्हा शाळेकडून कर्ण्यावर देशभक्तीची गाणी ऐकू यायला लागली. शिट्टी झाली नव्हती. बा म्हणाला, "तू जाऊन बघ. आमी हितंच हाय."

मी पटांगणात पोचलो. तिथं चहा होऊन गेला होता. फोटो काढून झाला होता. खुर्च्या उचलत होते. पुलाचा सराव जेवणाच्या आधीच संपला होता. मी सरांना म्हणालो, "सर, आमची माणसं अजून वर आहेत."

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, ती टेकडी सरावात धरलीच नव्हती ना. सांगायचं राहून गेलं."

तेवढ्यात मेजरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. अहवाल तयार होता. खाली माझं नाव, तुकडीचा म्होरक्या म्हणून. सही तेवढी राहिली होती. मी वाचलं. 'टेकडीवरील स्थानिक तुकडी प्रतिकार न करता पांगली. एक इसम दुपारी टेकडी उतरताना पंचांनी समक्ष पाहिला.'

तो इसम मी होतो.

"मी पाण्याला उतरलो होतो, साहेब," मी म्हणालो.

"उतरला होतास की नाही?"

"होतो."

"मग सही कर."

मी पेन घेतलं. माझ्या मागून आत आलेले सर हळूच म्हणाले, "अरे, सरावच तर होता. कुणाचं काय जातंय? बोर्डिंगचा विचार कर."

मी बोर्डिंगचाच विचार करत होतो. कॉट, कपाटाचा अर्धा खण, दोन वेळचं जेवण. आणि खिडकीतून टेकडी दिसत होती. वाट बघायला उभ्या राहिलेल्या तात्याचा पटका वर दिसत होता. टेकडी आधीच गेलेली धरली होती हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि ते मीच त्याच्यापासून लपवलं होतं.

मी सही केली नाही. त्याच कागदावर, त्यांच्या मजकुराखाली लिहिलं, 'टेकडीवर हल्ला झाला नाही. तुकडी शिट्टीची वाट बघत अजून जागेवर आहे.' आणि त्याखाली सही केली.

साहेब ओरडले नाहीत. कागद फाडला. दुसरा कागद माझ्या सहीशिवाय पुढं गेला. त्यात काय लिहिलं ते मला माहीत आहे.

मी टेकडीवर परत गेलो आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवशीचा झेंडासुद्धा. कुणी शिव्या दिल्या नाहीत. बा माझ्याकडं न बघता म्हणाला, "सही करायची हुती की रं. आज्यासारकी लागली आसती आनी एक हजेरी. बोर्डिंगातली जागा तर ऱ्हायली आसती."

तात्या उठला. पटका सोडला, घडी घालत राहिला. मग म्हणाला, "आमचा सदा तिकडं बसलाय. त्येचाबी झेंडा कुनी आदीच काढून टाकला आसंल का रं?"

सदाचं पत्र पुढं आलं, तो जिवंत आहे. पण प्रश्न तसाच आहे.

टर्म संपताच बोर्डिंगातली जागा गेली. कारण लेखी दिलं नाही. आता मी पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला येतो, संध्याकाळच्या एसटीनं परत जातो. तास बुडतात. बी.ए. होईन की नाही ठाऊक नाही. बा अजून साहेबांच्या दारात राखणीला बसतो. मी त्याला उठवू शकलो नाही. साहेबांचा अहवाल कुठल्यातरी फायलीत आहे आणि मी तो बदलू शकत नाही.

म्हणून हे लिहिलं. माझी माणसं खरी आहेत हे पटवायला मी त्यांना पुन्हा कुठल्याही टेकडीवर चढवणार नाही. कुणी बोलावलं तर आधी नकाशा मागीन. त्यावर आम्ही नसलो तर तिथंच, सगळ्यांदेखत, नाही म्हणेन. आणि त्या वेळी हसणार नाही.